आठवी घागर

१६ फेब्रुवारी १९५५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. ठाण्याच्या रोजनाम्यात या वेळेसमोरची नोंद माझ्या अक्षरात आहे, आणि त्या नोंदीपासून पुढचे तेवीस दिवस मी आजही तारीखवार सांगू शकते. पोलीस सेवेतले बाकीचे दिवस मला असे आठवत नाहीत.

मी सेवेत पाच वर्षे होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन सब-इन्स्पेक्टरच्या उमेदवारीवर आले तेव्हा वरिष्ठांना माझे काय करावे हे कळत नव्हते. स्त्रियांचे जबाब घ्यायला बाई अधिकारी हवी, एवढ्या कारणाने मला चांदा जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या एका तालुक्याच्या गावी पाठवण्यात आले. मला मात्र तपास करायचा होता. एखादे मोठे प्रकरण आपल्या हाताने उलगडावे आणि पदवीचा उपयोग काय, असे पुन्हा कोणी विचारू नये, ही माझी इच्छा होती. ती मी लपवत नाही, कारण पुढे जे घडले त्यात तिचाही वाटा आहे.

त्या आठवड्यात ठाणेदार आणि बहुतेक शिपाई मार्कंड्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला गेले होते. ठाण्यात मी, दोन शिपाई आणि लिहिण्याचे काम पाहणारे वयस्क हेड मोहरीर, एवढेच उरलो होतो. सात दहाला एक पानठेलेवाला मागच्या दाराने आत आला. तो आमच्या ठाण्याला अधूनमधून खबर देत असे. मला पाहून तो दारातच थबकला.

"ठाणेदारसाहेब नाई का जी?"

"बंदोबस्ताला गेले आहेत. मला सांगा."

त्याने मोहरीरांकडे पाहिले. मोहरीर दौतीतून टाक न काढता म्हणाले, "सांग ना बे. आज बाईच ठाणेदार हायेत. साडी पाहून खबर आटली का तुही?"

तो खाली बसला. "आमच्या गल्लीत तीन लेकरं मेली जी, आठ-नऊ दिवसांत. हगवन, ओकारी, अन् दोन दिवसांत खतम. डाक्टर म्हन्ते, दूषित पोट. पन गल्ली तसं म्हनत नाई."

"गल्ली काय म्हणते?"

"नळवाली बाई पानी देते, त्याच घरची तिन्ही लेकरं. जे तिचं पानी घेत नाई, त्याइच्या घरी काई नाई. अन् तिच्या घरी तं काईच नाई."

"तिच्या घरी मूल आहे?"

"तेच तं. लेकरू नाई तिले. मंग लोक बोलतेत." त्याने आवाज खाली आणला. "करनी वळखनाऱ्या जानत्याले बोलावनं गेलं हाये. जत्रेहून मानसं आली का तिले काढनार."

"काढणार म्हणजे?"

"आता मी काऊन सांगू? पाच सालाआधी खालच्या गावात एकीले काढलं होतं. नदीपर्यंत नेलं. नदीहून मानसंच परत आली."

जत्रेहून माणसे परतायला आठ दिवस होते. तीन मुलांच्या मृत्यूची चौकशी करायची होती, आणि त्याच आठ दिवसांत एका बाईचा जीव वाचवायचा होता. मर्ग रजिस्टरमध्ये आकस्मिक मृत्यूंची नोंद करून मी शिपायासह निघाले.

गल्ली अरुंद होती. एका बाजूला मुरुमाचा पक्का रस्ता, रस्त्याच्या पलीकडून गेलेली नगरपालिकेची मोठी जलवाहिनी, अलीकडे उघडी नाली आणि नालीकाठी घरे. नालीचे पाणी रस्त्याखालच्या एका दगडी मोरीतून पलीकडे जाई. आदल्या दिवाळीपर्यंत त्या गल्लीत एकाही घरी नळ नव्हता. बायका सार्वजनिक विहिरीवर जात. पहिला नळ घेतला तो वन डेपोवर लाकडाची मोजणी करणाऱ्या एका माणसाच्या बायकोने. नवरा महिन्यातले पंचवीस दिवस जंगलात असे. तिचे खरे नाव गल्लीत कोणी घेत नसे. पूर्वी तिला 'डेपोवाली' म्हणत, दिवाळीनंतर 'नळवाली' म्हणू लागले.

अंगणातल्या दगडी ओट्यावर नळ होता. त्याच्या पितळी तोटीला हळदकुंकू लावलेले होते. मी पोहोचले तेव्हा दहा वाजले होते. नळ सकाळी सहा ते साडेसात एवढाच वेळ चाले, म्हणून तेव्हा तो कोरडा होता. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या पितळी घागरीतून मी दोन बाटल्या पाणी घेतले. पंचांसमोर बाटल्या सीलबंद केल्या आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, सही घातली. शिपाई त्याच दुपारी त्या घेऊन नागपूरच्या प्रयोगशाळेकडे गेला. सोबतच्या पत्रात मी सोमल, धोतरा आणि इतर विषांची तपासणी मागितली होती. पत्र नेटके होते. मला ते लिहिताना समाधान वाटले होते, हेही आठवते.

दुपारी मी तिचा जबाब घेतला. पस्तिशीची, सडपातळ, हातांना विहिरीच्या दोराचे जुने घट्टे. ती रडत नव्हती. माझ्या अनुभवात निरपराध माणूस पहिल्या तासात रागावतो आणि अपराधी माणूस फार तपशील देतो. ही बाई दोन्हीही करत नव्हती. विचारलेल्या प्रश्नापुरते ती बोले आणि थांबे.

"पाण्यात काही टाकता का?"

"टाकाचं राहाते का? मले कोनी सांगतलं नाई."

"पाण्याचे पैसे घेता?"

"पान्याचे पैसे घेईन का मी? सरकारचं पानी हाये."

"मग देता का?"

मोहरीरांचा टाक कागदावर टेकलेला थांबला होता.

"नळ आला तवापासून घरी कोनी येते जी," ती म्हणाली. "आंधी कोनी येत नोतं. वांझेच्या अंगनात सकाळी कोन येईल? आता सात घरच्या बाया येतात. बसतात. लेकरं आनतात."

"कोणाला आधी देता?"

"ज्याचं लेकरू सगळ्यात लहान, त्याले पयले. दाब यायले टाइम लागते, धार बारीक राहाते. लेकुरवाळीले कामं असतात, तिनं काऊन थांबावं? सात घागरी त्याइच्या झाल्या का मंग माही. आता कोनी येत नाई, तरी तेवढी धार जाऊ देते, मंगच माही."

हे तिच्या जबाबातले चौदावे उत्तर. मी ते जसेच्या तसे लिहवून घेतले, सही करून घेतली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

सातही घरी स्वतंत्र जबाब घेतले. सगळीकडे एकच चाल निघाली. रोज एकेक घागर मिळे, तेवढीच. मोठी माणसे ते पाणी पीत नसत, त्यांना नळाचे पाणी फिके लागे आणि विहिरीची सवय होती. पण हे पाणी टाकीत औषध घालून शुद्ध केलेले, पैसेवाल्यांच्या घरचे, म्हणून ते फक्त लहान मुलांसाठी वेगळे झाकून ठेवायचे आणि ताजे ताजे पाजायचे. एका आजीने मला रागाने सांगितले, "आमी नाई पेलो एक थेंब. लेकराच्या तोंडचं कोन पेते?" मोठी माणसे सुखरूप का राहिली, हे त्या एका वाक्यात होते. मी ते ऐकले आणि विषाचाच विचार करत राहिले. विष घालायचे तर मुलांसाठी ठेवलेल्या पाण्यात घालणे सोपे, असा माझा तर्क होता.

तिसऱ्या मुलानंतर, म्हणजे १३ तारखेपासून, गल्लीने तिचे पाणी बंद केले होते. त्यानंतर नवे कोणी आजारी पडले नव्हते. हेही तिच्याविरुद्धच मोजले गेले.

१९ तारखेला सकाळी तार आली. नमुन्यात विष नव्हते.

मला आनंद झाला. त्या आनंदात मी एक काम केले, जे तपास अधिकाऱ्याने करण्याचे कारण नव्हते. दुपारी गल्लीत जाऊन नळाच्या ओट्यावर उभी राहिले, सातही घरच्या बायकांना बोलावले आणि तार वाचून दाखवली. बाईला धोका होता, जाणत्याचे येणे जवळ आले होते. संशय जितका लवकर मोडेल तितका बरा, असे मला वाटले.

"म्हंजे पानी चांगलं हाये?" एका तरुण आईने विचारले. तिच्या कडेवर तीन वर्षांची मुलगी होती. ती माझ्या शिट्टीची दोरी ओढत होती.

"चांगले आहे."

"पक्कं ना बाई? तुमी सायन्स शिकल्या म्हन्तेत."

"पक्के."

मागून कोणीतरी म्हणाले, "पोलीस पेते का तं विचार ना." बायका हसल्या. मीही हसले, आणि नळवालीने आतून तांब्या आणला. मी सगळ्यांसमोर तिच्या घागरीतले पाणी प्याले.

२० तारखेला सकाळी ओट्यावर पुन्हा घागरी लागल्या. त्या तरुण आईची घागर पहिली होती. २१ला तिची मुलगी आजारी पडली. २२ला दुपारी तीनच्या सुमारास ती गेली.

चार वाजता गल्लीतून दगड पडत असल्याची खबर आली. आम्ही पोहोचलो तेव्हा दारासमोर चाळीसएक माणसे होती. कौले फुटली होती, आणि नळवाली आतल्या खोलीच्या कोपऱ्यात घागर मांडीवर घेऊन बसली होती. गर्दीतून तिला ठाण्यापर्यंत आणताना माझ्या खांद्यावर एक दगड बसला. तो तिच्यासाठी होता की माझ्यासाठी, याची मी चौकशी केली नाही. मोहरीरांच्या बायकोने तिला आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतले. गर्दीला मोहरीरांनी ठाण्याच्या दारातून सुनावले, "चला, घरी जा. इथी उभं राहाल तं सगळ्याइची नावं लिहावी लागतीन, अन् माही शाई सरून राह्यली."

संध्याकाळ होण्यापूर्वी मी सगळे कागद टेबलावर पसरले. तार खोटी नव्हती. मी स्वतः पाणी प्याले होते आणि मला काही झाले नव्हते. मुलगी मात्र त्याच नळाच्या पाण्याने मेली होती. प्रयोगशाळेत अशी दोन उत्तरे आली तर पहिला संशय नमुन्यावर घ्यायचा, हे मला प्रथम वर्षात शिकवले होते. म्हणून मी विचारले, माझा नमुना नक्की कशाचा होता? बाटलीवरच्या चिठ्ठीची नक्कल काढली. ठिकाण, तारीख, सही. मग तिचा जबाब काढला आणि चौदाव्या उत्तराशी थांबले. सात घागरी त्यांच्या झाल्या की मग माझी, कोणी आले नाही तरी.

मी नळाचा नमुना घेतलाच नव्हता. मी आठव्या घागरीचा नमुना घेतला होता. आणि प्यालेही तिच्याच घागरीतले.

२३ तारखेला पहाटे पावणेसहाला मी त्या रिकाम्या घरी गेले. बरोबर शिपाई, दोन पंच, नऊ सारख्या बाटल्या आणि दवाखान्यातून आणलेले विहिरीत टाकायचे लाल औषध. त्या औषधाच्या द्रावणाचा गुलाबी रंग घाणीशी गाठ पडली की उडतो, स्वच्छ पाण्यात टिकतो. मनगटावरचे घड्याळ मी टाकीच्या भोंग्याशी लावून घेतले होते. सहाला तोटीतून आधी हवा आली, मग बारीक धार. शून्य मिनिटाला पहिली बाटली भरली, त्यानंतर दर दोन मिनिटांनी एक. प्रत्येकीत मोजून तेवढेच थेंब टाकले आणि पाव तास वाट पाहिली.

पहिल्या पाच बाटल्यांचा रंग पूर्ण गेला. सहावी आणि सातवी पिवळट राहिली, आठवी फिकट. सोळाव्या मिनिटाची नववी बाटली गुलाबी होती.

एका घागरीला दोन मिनिटे लागत. सात घागरी म्हणजे चौदा मिनिटे. आठवी घागर, तिची, भरत आली तेवढ्यात पाणी स्वच्छ होई. पंचांपैकी एक शाळामास्तर होते. त्यांनी बाटल्यांच्या रांगेकडे पाहून एवढेच विचारले, "म्हणजे ज्याचे मूल सर्वांत लहान, त्याला सर्वांत..." आणि वाक्य सोडून दिले.

घाण कुठून येते ते शोधायला वेळ लागला नाही. घरातली नळी अंगणातून जमिनीखाली जात होती आणि रस्त्याकडे वळत होती. पण मुरुमाच्या रस्त्यावर कुठेही खोदल्याची खूण नव्हती. मी मोरीच्या तोंडाशी बसून आत पाहिले. जस्ती नळी नालीच्या काळ्या पाण्यात बुडून मोरीतून पलीकडे गेली होती. शिपायाने पाणी अडवून नळी उघडी केली. मधल्या सांध्यात गळती रोखायला भरलेला ताग कुजला होता आणि त्यावरचा सफेदा निघून गेला होता. फटीत बोटाचे नख जात होते. नळ बंद झाला की नळीतले पाणी मागे ओसरे आणि रिकामी नळी सांध्यातून नालीचे पाणी ओढून घेई. सकाळी दाब चढेपर्यंत ही ओढ चालू राही. पंचनामा तिथेच केला.

नळ जोडणाऱ्या परवानाधारक मिस्त्रीला ठाण्यात आणले. मी कठोरपणे विचारत होते, तो मात्र गोंधळून उत्तरे देत होता.

"नळी नालीतून का नेली?"

"रस्ता खंदाचा तं खोदाई शुल्क लागते जी, फुटामागं. अन् वरून रस्ता दुरुस्तीचं. नळाच्या अनामतीहून जास्त होते ते. मोरीतून नेली तं काईच लागत नाई. सगळेच नेतात."

"सगळे म्हणजे?"

"अर्धं गाव, बाई. हापिसातच सांगतेत ना, मोरीतून ने म्हून. रस्ता खराब होत नाई."

नगरपालिकेच्या कचेरीत मी दोन रजिस्टरे मागितली. पहिले नळजोडणीचे. त्यात नळवालीचा अर्ज होता, फी भरल्याची पावती होती आणि शेऱ्यात लिहिले होते, 'रस्ता न खोदता मोरीमार्गे. मंजूर.' दुसरे नालीजोडणीचे. गल्लीच्या वरच्या टोकाला जानेवारीत एका व्यापाऱ्याने नवे घर बांधले होते. त्याने संडास आणि न्हाणीचे सांडपाणी नालीत सोडण्याची रीतसर परवानगी घेतली होती. त्याचीही फी भरलेली होती, आणि शेरा असा की सांडपाणी त्याच मोरीत सोडावे. संक्रांतीनंतर ते सुटले, आणि तीन आठवड्यांनी पहिले मूल गेले. दोन्ही शेऱ्यांखाली सही एकाच ओव्हरसियरची होती.

मी दोन्ही रजिस्टरे त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नोंदी वाचल्या, परत वाचल्या.

"बाईसाहेब, यात काय चुकीचे आहे?"

"एकाच मोरीत पिण्याची नळी आणि संडासाचे पाणी."

"ते खरे. पण ही रजिस्टरे वेगळी आहेत. नळाचा अर्ज नळाच्या दिवशी येतो, नालीचा नालीच्या दिवशी. प्रत्येक अर्ज नियमाला धरून आहे. मोरीतून नळी नेऊ नये असे कुठे लिहिलेले दाखवा."

मी दोन तास नियम वाचले. तसे कुठेच लिहिलेले नव्हते. कोणी लाच घेतली नव्हती, कोणी फी चुकवली नव्हती. मी आरोपी शोधायला आले होते, आणि माझ्या हातात दोन बरोबर नोंदी होत्या.

२४ तारखेला ठाणेदार जत्रेहून परतले. त्यांनी उभ्यानेच कागद चाळले.

"बाई, तुम्ही चांगला तपास केला," ते म्हणाले. "आता चार्जशीट कोणावर? नळीवर? खुनी सापडला असता तर मी तुमच्या बढतीची शिफारस केली असती. तुम्ही मोरी शोधून काढली. मोरीला बेड्या घालता येत नाहीत." मग बाटल्यांच्या यादीशी ते थांबले, आणि त्यांचा आवाज बदलला. "चौथी मुलगी तारेनंतर गेली?"

"हो. मी पाणी चांगले असल्याचे सांगितल्यावर."

अहवालातले ते वाक्य त्यांनी कापायला सुचवले, मी कापले नाही. नगरपालिकेला मोरीतले इतर नळ काढण्याबद्दल पत्र त्यांनीच आपल्या सहीने पाठवले. त्याचे उत्तर माझी बदली होईपर्यंत आले नव्हते.

जाणता येण्याआधी गल्लीला सत्य सांगणे आवश्यक होते. या वेळी मी तार नेली नाही. नऊ बाटल्या नेल्या, ओट्यावर क्रमाने मांडल्या, आणि कोणती घागर कोणत्या बाटलीशी येते ते दाखवले. माणसे वाकून पाहत होती. जत्रेहून परतलेला एक जण म्हणाला, "म्हंजे तिनं काई केलं नाई?"

"काही केले नाही."

तरुण आई भिंतीशी बसली होती. तिने बाटल्यांकडे पाहिलेच नाही.

"मंग आमीच पाजलं ना," ती म्हणाली. "पयली घागर चुकू नये म्हून मी अंधारात येऊन बसत होती."

जाणत्याला परत पाठवण्यात आले. दगड थांबले. बाईवरचा संशय गेला, तिला कोणी काढले नाही, ती आपल्या घरी राहायला गेली. पोलिसांच्या दृष्टीने मी प्रकरण निकाली काढले होते. तिला मात्र क्वार्टरमध्ये मीच सगळे समजावले होते, आणि ऐकून घेतल्यावर तिने एकच प्रश्न विचारला होता: "मी पयले माही भरली असती तं?" मी खोटे बोलू शकले असते. मी म्हणाले, "तर तुम्ही आजारी पडला असता, आणि कदाचित तिथेच कळले असते." तिने मान हलवली. तो हिशेब तिने माझ्याआधीच केला असावा.

या प्रकरणाने मला काय शिकवले, हे पुढे मला बऱ्याच जणांनी विचारले. अनेकांना वाटते की निष्काळजी माणसे घात करतात. इथे फी घेणारा, नळी जोडणारा, पाणी देणारी, पाणी पाजणारी, सगळ्यांनी आपापले काम नीट केले होते. मीसुद्धा. माझा नमुना सीलबंद होता, पंचनामा निर्दोष होता, प्रयोगशाळेचे उत्तर खरे होते. मी विष आहे का एवढेच विचारले, म्हणून विष नाही एवढेच मला कळले, आणि त्याचा अर्थ मी पाणी चांगले आहे असा लावला. त्या अर्थाची किंमत मी भरली नाही. दोन वर्षांनी मी सेवा सोडून पाण्याच्या प्रयोगशाळेत आले. तिथे माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारखेखाली तिसरी ओळ छापून घेतली आहे: नळ सुटल्यापासून किती मिनिटांनी. ती रिकामी असेल तर बाटली परत जाते.

फाइल बंद करण्यापूर्वी शेवटची नोंद हवी होती. मोरीतली नळी काढून रस्ता खोदून नवी टाकली गेली. नियमानुसार खोदाईचे शुल्क नळवालीकडूनच घेण्यात आले, नवऱ्याने जंगलातून पाठवलेल्या पगारातून. १० मार्चला सकाळी मी बाटल्या घेऊन गेले. ओटा सारवलेला होता. घागरींची रांग नव्हती. एकच घागर होती, तिची, आणि ती बाजूला ठेवलेली.

सहाला पाणी आले. मी शून्य मिनिटाची बाटली भरली, थेंब टाकले. पाणी गुलाबी राहिले. दुसरी भरली, तीही गुलाबी. तिने तोटी पूर्ण उघडली होती, आणि पाणी ओट्यावरून वाहून नालीत जात होते.

"बाई, पाणी चांगले आहे," मी म्हणाले. "अगदी पहिल्यापासून. भरा."

"तुमी मांगंबी चांगलंच म्हनलं होतं जी," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

ती तोटीशेजारी उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आले, ती सात घरांची नावे घेत होती, सर्वांत लहान मुलाच्या घरापासून, एका घागरीला लागतो तेवढा वेळ प्रत्येक नावाशी थांबून. चार नावांशी ती अधिक थांबली. सातवे नाव झाल्यावर तिने आपली घागर उचलून धारेखाली लावली. मी घड्याळ पाहिले आणि वहीत शेवटचा आकडा लिहिला.

सहा वाजून सोळा मिनिटे.